कमानीखालचा हात

माझी पाठ आता पूर्वीसारखी उचलली जात नाही, हे आधीच सांगून टाकते. शेवटी काहीतरी चमत्कार होईल म्हणून कुणी वाचत बसू नये. पण मी बेंचवर पडते, दांडा छातीवर घेते आणि वर ढकलते. शाळेत पोरींना मैदानभर पळवते. सकाळी उठून स्वतःच्या सँडलचा पट्टा स्वतः लावते. ज्यांची पाठ सकाळी लाकूड होते त्यांना या पट्ट्याचं मोल कळेल, आणि हे त्यांच्यासाठीच लिहितेय. बाकीच्यांनी आपापल्या पाठीवरून एकदा हात फिरवावा आणि खुशाल दुसरं काही वाचावं.

मी वैशाली. अमडापूरला एका शाळेत खेळाची शिक्षिका आहे. लोक तोंडावर मॅडम म्हणतात, पाठीमागं पहिलवानीण. मला दुसरं जास्त आवडतं, पण तसं सांगायची सोय नाही.

पूल

माहेर धाड गावचं. बाबा एस.टी.त ड्रायव्हर होते, पण ती नोकरी. मनानं ते कायम पहिलवान. तरुणपणी आसपासच्या जत्रांमध्ये कुस्त्या मारलेल्या. मला भाऊ नाही, त्यामुळे सगळे डाव माझ्याच वाट्याला आले. पहिला आणि शेवटचा धडा एकच: पाठ टेकू द्यायची नाही. कुस्तीत पाठीला माती लागली की खेळ खलास. खाली चाललीस तर पूल बांध. डोकं आणि टाचा मातीत, मधलं अंग वर. मी पूल बांधला की बाबा त्याखालून हात आरपार फिरवायचे आणि म्हणायचे, "म्हैस निंगून जाईन वं इकडून!" त्या म्हशीसाठी मी पाठ आणखी थोडी वर उचलायचे.

कुस्ती पुढं सुटली, लोखंड आलं. लग्नानंतर माझे मिस्टर, प्रवीण, यांनी घरामागं टिनाचं शेड घालून दिलं. चिखलीची एक जिम बंद होत होती, तिथून बेंच, दांडा आणि वजनांच्या थाळ्या आणल्या. सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणते, एवढंच म्हणाल्या, "मंग सोयाबीन कुठी ठेवाव?" तो प्रश्न त्यांनी कधीच मागं घेतला नाही.

बेंच प्रेस म्हणजे बेंचवर उताणं पडायचं, लोखंडी दांडा छातीपर्यंत आणायचा आणि हात सरळ होईपर्यंत वर ढकलायचा. बघणाऱ्याला वाटतं, हाताचं काम. अहो, हात फार उशिरा येतात! आधी खांद्याची पाती मागं ओढून, खाली दाबून बेंचमध्ये रुतवायची, म्हणजे छाती आपोआप वर येते. बगलेखालचे पाठीचे रुंद स्नायू आवळायचे, म्हणजे दांडा डुगडुगत नाही. पाय जमिनीत रोवायचे, मांड्या घट्ट. डोकं, खांदे आणि बूड टेकलेलं, मधली पाठ अधांतरी. ही कमान. ती नीट बांधली की छातीला जोर घ्यायला जागा मिळते, खांद्याचा सांधा वाचतो, आणि वरच्या टप्प्यात दंडाची मागची बाजू काम उरकते. चिखलीच्या त्या जिमची पोरं शेडमध्ये यायची, ती म्हणायची, "मॅडम, हे तं चीटिंग हाय. दांडा कमी अंतर चालते." मी म्हणायचे, "मग कर की तू चीटिंग." ती कंबर मोडून पोट वर काढायची. कमान कंबर मोडून होत नाही, हे त्यांना दुसऱ्या दिवशी जिना चढताना कळायचं.

बाबा धाडहून चिखली आणि चिखलीहून अमडापूर अशा दोन गाड्या बदलून यायचे. चहाआधी शेडमध्ये. मी कमान बांधली की खालून हात फिरवायचे. म्हैस अजून जात होती.

सासूची लाथ

पाठ दुखायला लागली तेव्हा मी लक्षच दिलं नाही. व्यायाम करणाऱ्याला कुठं ना कुठं दुखतच असतं. पण हे दुखणं उलट्या खोपडीचं होतं. काम केलं की कमी, झोपलं की जास्त. सकाळी अंथरुणातून उठायचं तर आधी कुशीवर वळायचं, मग पाय खाली सोडायचे, मग पलंगाला धरून म्हातारीसारखं उभं राहायचं. आमच्या घरातली खरी म्हातारी तोवर अंगण झाडून मोकळी.

आता आमच्या घराची गंमत सांगते. आत्याबाई पायाळू आहेत, म्हणजे जन्मताना पायांकडून बाहेर आलेल्या. अशा माणसानं पाठीला पाय लावला की भरलेली चमक उतरते, असं आमच्याकडं सगळे मानतात. सकाळी आमच्या दारात कुणी ना कुणी कमरेवर हात ठेवून उभं असायचंच. आत्याबाई हातातलं काम सोडून येणार, त्याला पाठमोरं उभं करणार, पाय लावणार आणि पुन्हा कामाला लागणार. एका पैशाची अपेक्षा नाही. मग सुनेची पाठ दुखत असताना त्या गप्प बसतील?

"वळ तिकडे," त्या म्हणायच्या.

रोज सकाळी सासूनं सुनेला लाथ मारायची आणि सुनेनं वाकून पाया पडायचं, असं घर तालुक्यात आमचंच.

आणि नवल म्हणजे मला बरं वाटायचं! पाय लावला की त्या म्हणायच्या, "आता बसू नोको, पाणी भर." मी पाणी भरायचे, सडा टाकायचे, डबे करायचे. शाळेत पोचेपर्यंत पाठ मोकळी. आत्याबाईंचा शब्द खरा. त्यांच्या पायाचं नाव मीच शाळेच्या स्टाफरूममध्ये केलं. दुसऱ्या दिवशी पहाटे पाठ पुन्हा लाकूड, आणि मी पुन्हा पाठमोरी. पायानं बरं वाटतंय की पाणी भरल्यानं, हा प्रश्न मला सुचला नाही. शारीरिक शिक्षणाची पदवी भिंतीवर टांगलेली आहे, हे इथं मुद्दाम सांगते.

हात अडकला

एका रविवारी बाबा आले, शेडमध्ये गेलो. मी बेंचवर पडले, पाती ओढली, पाय रोवले. बाबांनी हात घातला. हात बोटांच्या पेरांपर्यंत गेला आणि अडकला.

"उचल," बाबा म्हणाले.

"उचललीये."

"कुठी उचलली? उचल ना वं."

मी जीव खाऊन उचलत होते. पाठ ऐकतच नव्हती.

बाबांनी हात काढून घेतला, धोतराला पुसला आणि म्हणाले, "पाठ लागली तुही."

तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात. पण पहिलवानाच्या घरात हे वाक्य कुणी गमतीत बोलत नाही. आपण हरलो, आणि कुणाशी हरलो तेही दिसत नाही, असं मला झालं. बाबांना वाटलं, पोरगी शाळा आणि संसारात आळसावली. त्यांनी सतरंजी टाकून मला पूल बांधायला लावला. मी बांधायला गेले आणि ओरडले. ते ओरडणं ऐकून प्रवीण शेजारच्या आपल्या दुकानातून धावत आले, आणि त्या दिवसापासून घरात एकच मंत्र सुरू झाला: आराम कर. बेंच बंद, मैदान बंद, पाणी भरणंसुद्धा बंद. प्रवीणनी शाळेत रजेचा अर्ज स्वतः नेऊन दिला.

मी आराम केला आणि दिवसेंदिवस वाळल्या लाकडासारखी होत गेले. आधी सकाळी दुखायचं, आता दिवसभर. शिंक आली की बरगड्यांत सुरी. आत्याबाईंनी दोनदा जास्तीचा पाय लावला, पण त्यानंतर पाणी भरणं नव्हतं, त्यामुळे गुणही नव्हता. त्या कोपऱ्यात बसून स्वतःच्या तळव्याकडं बघत म्हणाल्या, "माह्या पायात काई राह्यलं नाई." मला माझ्यापेक्षा त्यांचंच वाईट वाटलं.

डोळा

निदान पाठीनं नाही, डोळ्यानं केलं. एके दिवशी उजवा डोळा लालभडक झाला, उजेड सहन होईना. चिखलीच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी यंत्रातून बघितलं आणि विचारलं, "ताई, पाठ दुखते का? सकाळी जास्त?"

मी प्रवीणकडं बघितलं. डोळा दाखवायला आलो आणि हा माणूस पाठ विचारतोय!

"चाललं-फिरलं की कमी होतं का?"

"हो."

"मग माझ्याकडं थेंब घ्या, आणि संभाजीनगरला संधिवाताच्या डॉक्टरांकडं जा. टाळू नका."

संभाजीनगरच्या दवाखान्यात रक्त दिलं, मशीनच्या नळकांड्यात पडून राहिले. पाठीवर न हलता पडून राहायचं, म्हणजे माझी नेमकी शिक्षा. नंतर बाकावर नंबरची वाट बघत बसलो. शेजारी एक गृहस्थ होते. पाठ पुढं वाकून तशीच घट्ट झालेली. मान वर होत नव्हती. जमिनीकडं बघतच ते माझ्याशी बोलले. "पहिल्यांदा आल्या का? मी लई उशिरा आलो. मला चपलांवरून माणसं ओळखायची सवय झाली." मग म्हणाले, "तुमच्या पायात बळ दिसतं. चालत राहा बाई. मी बसलो, म्हणून असा बसलो."

त्यांच्याकडं बघून मी जेवढी घाबरले तेवढी आयुष्यात कधी घाबरले नव्हते. मी प्रवीणचा हात धरला.

डॉक्टरीणबाई माझ्याच वयाच्या होत्या. त्यांनी आजाराचं नाव सांगितलं: अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस. मणक्यांचा संधिवात. शरीर आपल्याच सांध्यांना, कधी डोळ्यालाही, शत्रू समजून भांडतं, आणि भांडण मिटवलं नाही तर मणके एकमेकांना चिकटू लागतात. बायकांमध्ये हे कुणाच्या लवकर लक्षात येत नाही, असंही म्हणाल्या. मी बाकी काही विचारलं नाही. विचारलं, "बेंच प्रेस?"

त्या हसल्या. "व्यायाम बंद केलात तर रागावेन. या आजारात आरामच घातक. तुम्हाला आत्तापर्यंत वाचवलं ते हालचालीनं. पण जड वजन नाही, झटका नाही, एकटीनं दांड्याखाली जायचं नाही. आणि ती उंच कमान आता विसरा."

"हे कमानीमुळे झालं का?"

"नाही. रक्तातच होतं. कमान केली नसती तरी झालं असतं."

हे वाक्य मी पदरात बांधून आणलं, कारण मला ते एका माणसाला द्यायचं होतं.

सोयाबीन

बाबांनी ते घेतलं नाही.

"डाक्टरीणबाई तुले बरं वाटाव म्हून सांगते," ते फोनवर म्हणाले. "माह्या पुलानंच खाल्ली तुही पाठ. लहानपनापासून वाकवली मी तुले."

मी समजावलं, चिडले, रडलेसुद्धा. त्यांचं एकच. मग त्यांनी यायचंच सोडलं. फोन केला की पाऊस विचारणार, प्रवीणचं दुकान विचारणार, आत्याबाईंचे गुडघे विचारणार. पाठीचं नाव नाही. इकडं शेडमध्ये बेंचवर सोयाबीनची पोती चढली. आत्याबाईंच्या प्रश्नाला उत्तर मिळालं होतं. मी खिडकीतून बघायचे आणि मला राग यायचा. आजाराचा नाही, त्या पोत्यांचा. मला माझा बेंच परत हवा होता, आणि बेंचपाशी बाबा हवे होते. बाकी आयुष्यात मागायला फार काही उरलं नव्हतं.

इंजेक्शनं सुरू झाली. ती गारच ठेवावी लागतात. संभाजीनगरहून बर्फाच्या पिशवीत घालून, मांडीवर लहान लेकरू घ्यावं तशी मी ती एस.टी.तून आणायचे. घरी आल्यावर आत्याबाई फ्रीजसमोर खुर्ची टाकायच्या. "घडी घडी उघडू नोका, पोरीची सुई हाय त्यात." एखादा पाहुणा थंड पाणी मागायला गेला तर त्याला माठ दाखवायच्या.

दवाखान्यातल्या व्यायाम शिकवणाऱ्या ताईंनी पहिल्या दिवशी छातीभोवती मापाची टेप लावून श्वास घ्यायला सांगितलं. टेप जेमतेम हलली. मी, दंड थोपटणारी पहिलवानीण, आणि धड श्वास भरत नाही! लाज वाटली, मग जिद्द चढली. भिंतीला टाचा, बूड, खांदे लावून उभं राहायचं, बरगड्या फुगवायच्या, पाती मागं ओढायची. पाती मागं ओढताना मी थांबले. अहो, ही तर माझी ओळखीची जागा! बेंचवर सगळ्यात आधी मी हेच करायचे. कंबर गेली होती, पण पाती माझीच होती, बगलेखालचे स्नायू माझेच होते. कमानीचा खालचा दगड ढासळला म्हणून सगळी कमान काही गेली नव्हती.

घरी मी आत्याबाईंना समजावलं की तेव्हा त्यांच्या पायानं नाही, पाणी भरायला चालल्यानं बरं वाटत होतं. वाटलं, रागावतील. त्या म्हणाल्या, "मंग पाण्याले धाडत कोन होतं तुले?"

त्या अजून लोकांना पाय लावतात, पण आता वर सांगतात, "घरी जाऊन झोपू नोको, हाल. आन पंधरा रोजात नाई राह्यलं तं डाक्टरले दाखव."

पाठ

इंजेक्शनांचा गुण दिसायला लागला तशी मी शाळेत रुजू झाले. डॉक्टरीणबाईंनी रिकाम्या दांड्यापासून सुरुवात करायची परवानगी दिली. मी धाडला फोन लावला.

"बाबा, दांड्यापाशी उभं राह्याले मानूस पाहिजे. एकटीनं करू नोको म्हणते डॉक्टर."

"प्रवीणराव हाये ना."

"त्यायले दुकान हाय."

प्रवीण माझ्या शेजारीच बसून भाकरी खात होते आणि दुकान बंद होतं. त्यांनी मान खाली घालून भाकरी खाल्ली.

बाबा आले. चहा घेतला. शेडकडं बघेनात. आत्याबाई उठल्या, पदर खोचला, शेडमध्ये गेल्या आणि बेंचवरचं पोतं ओढायला लागल्या. "या ना हो पहिलवान, म्हातारी वढते आन तुमी पाहून राह्यले?" बाबा उठलेच मग. दोघांनी मिळून पोती भिंतीला लावली. बेंचवर धुळीत पोत्याचे छाप उमटले होते. बाबांनी ते उपरण्यानं पुसले, कोपरेन्‌कोपरे.

मी पडले. सगळी पाठ बेंचला लागली. सपाट. गार रेक्झिन शर्टातून कळत होतं. बाबा माझ्या डोक्यापाशी दांड्याला हात लावून उभे होते आणि दुसरीकडं बघत होते.

"बाबा, हात घाला."

"काऊन?"

"घाला ना."

एक हात दांड्यावरच ठेवून ते बाजूला आले. दुसरा हात पुढं केला, मागं घेतला. मग कंबरेच्या वर, जिथं बोटं जेमतेम शिरतात, तिथं तळवा सारला. तो माझ्या पाठीत आणि बेंचमध्ये चेपून बसला. त्यांच्या तोंडाकडं बघवेना.

"लागली ना वं पूर्ण," ते हळू म्हणाले.

"हाव, लागली. तुमच्या कुस्तीत पाठ लागली की खेळ संपते. ह्या खेळात नाई संपत. हात काढू नोका."

मी पाती मागं ओढली. खाली दाबली. पाय रोवले, श्वास भरला, जेवढा भरतो तेवढा. दांडा उचलून छातीपर्यंत आणला, थांबवला आणि वर ढकलला. रिकामा दांडा. पूर्वी मी तो चिंधीसारखा फिरवायचे. आता कपाळावर घाम आला, पण सरळ गेला, डुगडुगला नाही.

"दबला का हात?" मी विचारलं.

"थांब," ते म्हणाले. "अजून येकदा कर."

मी पुन्हा खाली आणला, पुन्हा वर नेला. त्यांच्या तळव्याखाली माझ्या पाठीचे दोन्ही बाजूचे स्नायू आवळले, सुटले, पुन्हा आवळले. मला आतून कळत होतं, त्यांना बाहेरून. मातीत आयुष्य काढलेला तो तळवा. समोरच्याच्या अंगात जोर आहे की नाही हे त्याला डोळ्यांआधी कळतं.

बाबा खाली वाकले. त्यांचं नाक वाहत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता, कारण एक दांड्यावर होता आणि एक माझ्याखाली.

"लागलेली हाय," ते म्हणाले, "पन झोपली नाई वं माय. जागी हाय. पुरी जागी हाय."

दारातून आत्याबाई ओरडल्या, "मंग सोयाबीन कुठी ठेवाव?"

"ठेवा तुमच्या डोक्शावर!" बाबा म्हणाले, आणि मला म्हणाले, "मार अजून येक."

हात त्यांनी काढला नाही.